विळीवर चिरलेल्या पत्रिका

ये गो सायले, अशी जवळ सरक. म्हणजे हे पान जवळ धर, कारण तू स्वतः काही यायची नाहीस. गणपतीत येते म्हणालीस, आली नाहीस. दिवाळीत येते म्हणालीस आणि फराळाचा डबा कुणाच्या तरी गाडीत बसवून पाठवलास. डब्याशी काय बोलू मी? चकल्या मऊ पडल्या होत्या, तेही ऐकून ठेव. आणि परवा शेजारच्या सुनेनं मला मोबाईलवर तुझं दुकान दाखवलं. कागदाचे मणी, त्यांचे हे खांद्याला टेकणारे डूल, आणि खाली तू लिहिलंयस की ही आमच्या पणजीच्या लग्नघरातली गोड आठवण आहे. ती सून कौतुकानं वाचत होती आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. गोड? कुणी सांगितलं तुला गोड? तुझी आजी, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगून गेली असेल. ती त्या दिवशी अंतरपाटाच्या पलीकडं मुंडावळ्या बांधून उभी होती, मान खाली घालून. तिला दिसलं काय, कपाळ? डूल मी केले होते. तेव्हा आता मी सांगते आणि तू गप ऐक.

आमचं घर शहापूरच्या खाली, किन्हवलीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, मध्ये एक भिंत घालून दोन चुली. एका चुलीवर आमची आय, दुसरीवर थोरली काकी. जमीन एकत्र, बैल एकत्र, चुली तेवढ्या वेगळ्या. काकीच्या चुलीवर तांदळाची भाकरी आणि आमच्यावर नाचणीची असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होई. वाऱ्याची दिशा बदलली की काकीकडच्या सुकटीचा वास भिंतीवरून आमच्याकडं यायचा आणि माझा बा घास थांबवून नाक वर करायचा. बोलायचा काही नाही. माझा बा चांगला माणूस होता, असं सगळं गाव म्हणतं. कुणाला वर तोंड करून बोलला नाही. त्याच्या थोरल्या भावाला, आमच्या मोठ्या काकाला, तर कधीच नाही. दादा म्हणेल तसं. दादा म्हणेल तेव्हा. आम्हा बहिणींना त्यानं कधी हात लावला नाही, मुरबाडच्या बाजारातून येताना खिशातून शेंगा आणायचा, आणि मी त्याच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवली. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तू म्हणायला नको की म्हातारी एकतर्फी बोलते.

आता आयचा कान. आमच्या भावकीत सोन्याच्या झुब्यांचा एकच जोड होता. आजेसासूच्या वेळचा, जड, दोन्ही मिळून मूठ भरायची. ज्या घरात कार्य असेल त्या घरच्या बाईनं तो घालायचा, कार्य उरकलं की परत काकीच्या पेटीत. भावकीतल्या सगळ्या बायकांच्या कानाची भोकं त्या झुब्यांनी लांबवली होती. काकीच्या मोठ्या मुलाच्या लग्नात तो जोड आयला घालायला दिला, पाहुण्यांत बरं दिसावं म्हणून. आय पंगतीला वाढत होती, कडेवर वर्षाची पोर. त्या पोरीनं चमकतंय म्हणून झुबा धरला आणि ओढला. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत चिरली. उजवी आधीच लांबलेली, ती पुढं दोन वर्षांत आपोआप तुटली. आयनं त्या दिवशी कानाला पदर दाबून पंगत पुरी वाढली म्हणे. ती पोर मीच. हे मला आयनं कधी सांगितलं नाही. काकीनं सांगितलं, मी बारा-तेरा वर्षांची होते तेव्हा, आणि नेमकं कधी सांगितलं ते बघ.

ताईचं लग्न ठरलं. वैशाखातली तिथी. कन्यादानाला पाटावर कोण बसणार हा प्रश्न कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. पण काकीनं तो काढला. धान्य निवडायला सगळ्या बायका आमच्या ओटीवर बसल्या होत्या, त्यात ती सुपातले खडे टिपत म्हणाली, रिकाम्या कानाची सवाशीण पाटावर बसत नाय, आमच्यात ती रीत नाय. पोरीच्या संसाराला लागतं ते. आमी दोघं बसू. सोनं घालायला कान तर पायजे ना. आय सुपावर वाकलेली, तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी मध्ये तोंड घातलं, की ताई काकीची नाय, आयची हाय. तेव्हा काकी हसून म्हणाली, "तूच फाडलास गो तुझ्या आयचा कान. आता भर जाऊन."

सत्तरी उलटली माझी, तरी ते वाक्य आलं की माझे दात एकमेकांवर बसतात.

भर म्हणाली, तर भरते. मी ठरवलं. त्या वर्षी शाळेत बाईंनी आम्हाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे मणी वळायला शिकवले होते. त्यांचे दाराचे पडदे करायची तेव्हा टूम होती, शहापुरात बऱ्याच घरांत लोंबायचे. तू यंत्रानं पट्ट्या कापतेस असं ऐकलं. आम्ही विळीवर कापायचो. लांब त्रिकोणी पट्टी, बुडाशी दोन बोटं रुंद, टोकाला निमुळती. रुंद बाजूनं छत्रीच्या काडीवर गुंडाळत जायचं, घट्ट, आणि फक्त शेवटच्या टोकाला चिकट लावायचं. आधी लावलंस तर मणी काडीला धरून बसतो. गुंडाळून झाला की मध्ये फुगीर, दोन्ही कडांना बारीक, भाताच्या टपोऱ्या दाण्यासारखा मणी होतो. कागदाला वजन नसतं. हेच माझ्या मनात बसलं होतं. सोनं जे ओढतं ते कागद ओढणार नाही. आणि करायचेच तर असे मोठे करायचे की मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या आंधळ्यालाही दिसावं की ह्या बाईचे कान रिकामे नाहीत.

पहिला जोड खतवाल्याच्या कॅलेंडरचा केला. चिकट म्हणून शिळ्या भाताची खळ वापरली, दुसरं काय असणार आमच्या घरात. फळीवर वाळत ठेवला. सकाळी बघते तर मुंग्यांची रांग आणि झुरळांनी निम्मे मणी कुरतडलेले. भाताच्या देशात भाताचा गोंद करणारी मी शहाणी. रडले आणि मग ठाकूरवाडीत बुधीकडं गेले.

बुधी माझ्या आयच्या वयाची. गावाच्या कडेला त्यांची वस्ती, लावणीला आमच्या शेतावर यायची, बाकीच्या दिवसांत रानातला डिंक, मध, करवंदं घेऊन बाजार गाठायची. गळा पांढऱ्या-निळ्या मण्यांनी भरलेला. तिनं मला धावड्याचा डिंक दिला, पाण्यात भिजवून फडक्यातून गाळून कसा घ्यायचा ते दाखवलं आणि माझा कुरतडलेला डूल हातात घेऊन पोट धरून हसली. मग विचारलं, की अडकवशील कुठं? पाळी तर दोन फाकांची. मला हे सुचलंच नव्हतं. भोक नसलेल्या कानात डूल कसा राहणार? बुधीनं कमरेचा काळा दोरा सोडला, माझ्या कानावरून, वरच्या बाजूनं, मागं फिरवून गाठ मारून दाखवला. डूल कानाच्या पाळीत अडकवायचा नाही, अख्ख्या कानावर टांगायचा. "कान धरला का काय पण धरंल," ती म्हणाली. "पाळीचं काय घेऊन बसलीस गो."

आता कागद पाहिजे होता, जाड, लाल. माळ्यावर बाची पत्र्याची पेटी असायची, तिच्या मागं जुन्या कागदांचा गठ्ठा. तिथं हात घातला आणि पत्रिका लागल्या. ताईच्याच लग्नाच्या. सात होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. मला वाटलं, वाटून उरल्या. लाल चकचकीत कागद, कडेला सोनेरी वेल. असा कागद मी जन्मात हातात धरला नव्हता. पत्रिकेवर आयचं नाव नव्हतंच, निमंत्रक म्हणून काका, खाली बा, तेव्हा त्या कापताना मला काडीचं वाईट वाटलं नाही. साती एकावर एक ठेवल्या, पालथ्या, आणि विळीवर चरचर चिरल्या. दोन दिवस वळत बसले. गोठ्यात बैलांच्या शिंगांना लावायचं वारनीस होतं, त्यात बोट बुडवून एकेक मणी चमकवला. उजवा डूल पुरा झाला. तीन लडी, वर मोठे मणी, खाली बारीक, चार बोटं रुंद आणि खांद्यापर्यंत लांब. डाव्या डुलाचा मधला मोठा मणी वळायला घेतला आणि पट्टीच्या मधोमध निळ्या शाईची अक्षरं दिसली. हातानं लिहिलेली. श्री. नामदेव. आणि बाजूला हळदीचा पिवळा ठिपका.

नामदेव माझा मामा. आयचा एकुलता एक भाऊ, मुरबाडकडचा. मी उरलेल्या पट्ट्या उलटसुलट केल्या. कुठं मावशीच्या नावाचा तुकडा, कुठं आयच्या चुलतभावाच्या. सातही पत्रिका आयच्या माहेरच्या. हळद लावून, नावं घालून तयार केलेल्या आणि न पाठवलेल्या. लग्न तीन दिवसांवर. आणि आय रोज जेवताना बाला विचारत होती, नामाकडं पत्रिका गेल्या ना? बा म्हणत होता, गेल्या. रोज. कालही विचारलं होतं. नामा अजून कसा आला नाय, चार-पाच दिवस आधी येतो तो, असं म्हणत ती भाकरी थापायची थांबून मुरबाडच्या वाटेकडं बघायची. मी ती पट्टी हातात धरून बसले. शेवटी गुंडाळली, टोकाला डिंक लावला आणि तसाच तो मणी डाव्या डुलात ओवला. काकीनंच लपवल्या असणार, याबद्दल मला शंका नव्हती. याद्या तीच करत होती. मामा नसला की आयच्या बाजूनं बोलायला मांडवात माणूस उरत नाही. इतकं कळायचं मला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना बुधी मुरबाडकडच्या बाजाराला निघणार होती. मी तिच्यामागं निघाले. आयला म्हटलं, ताईसाठी करवंदं आणते. डावा डूल परकराच्या ओच्यात. तीन कोस तरी असेल ती वाट, मध्ये नदी, वैशाखात घोट्याएवढी. बुधी डोक्यावर पाटी घेऊन पुढं, आणि मी मागं काकीला शिव्या देत. कुठल्या कुठल्या शिव्या येत होत्या मला, त्या दिवशी कळलं. बुधी मधूनच म्हणायची, आता ही बरी होती, परत दे. उन्हानं तळवे पोळले तेव्हा तिनं पळसाची पानं बांधून दिली. अजून कुणी रागानं चालताना दिसलं की मला ते पळसाचे पाय आठवतात. माणूस रागात किती लांब जातं आणि पायांचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

मामा ओट्यावर दोर वळत बसला होता. मला बघितलं, पण उठला नाही. मामी पाणी घेऊन आली, तिचंही तोंड फुगलेलं. परवा लग्न, सगळ्या मुलखाला पत्रिका आणि सख्ख्या मामाला नाही, वाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही त्यांना. मी म्हटलं, मामा, चल. तो दोराला पीळ देत म्हणाला, "बिनबोलावता मी देवाच्या दारी जात नाय, शेवू. तू जेव आणि जा."

मी ओच्यातून डूल काढला. मधल्या लडीचा दोरा दातानं तोडला, मधला मणी काढला आणि नखानं त्याचं टोक उकलायला लागले. वारनीस तडकलं, डिंक सुटेना. मामा बघत राहिला, त्याला वाटलं पोरीला ऊन लागलं. शेवटी टोक सुटलं आणि पट्टी उलगडत गेली, वळून वळून वाकलेली, मध्ये त्याचं नाव आणि हळद. मी ती ओट्यावर दोन्ही हातांनी सपाट धरली. मामाला अक्षर सावकाश लागायचं. त्यानं वाचलं. मग अंगठा त्या शाईवर ठेवला.

"हे अक्षर दाजींचं हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, लिहिल्या बानं, पण काकीनं लपवल्या. त्यानं विचारलं, तुला कुठं घावल्या? मी सांगायला लागले, माळ्यावर, बाच्या पेटीच्या मागं. आणि सांगता सांगता माझी जीभ थांबली. त्या पेटीला बाशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. काकी तर गुडघ्यांमुळं माळ्यावर चढायचीच नाही. मामानं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. मग तो जे बोलला ते असं, की साखरपुड्यालाच मी दाजींना सांगितलं होतं, माझी आक्का पाटावर बसली नाय तर मी भर मांडवात बोलंन. दाजींना भावाशी बोलवंना आणि माझं बोलणं बी नको होतं. मग सोपं काय, मला बोलवायचंच नाय.

तीन कोस मी ज्या बाईला शिव्या दिल्या तिनं निदान सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं होतं. आणि ज्याच्या मांडीवर मी ते अक्षर शिकले, त्यानं त्याच अक्षरात नाव लिहून, हळद लावून, पत्रिका पेटीमागं सारली होती आणि जेवताना रोज आयला म्हणत होता, गेल्या. मामीनं वाढलेला भात मी खाल्ला नाही. मामा म्हणाला, जा, मी येतो. पट्टी त्यानं ठेवून घेतली. बाजार उरकलेल्या बुधीबरोबरच परतले. नदीत पाय सोडून बसलो तेव्हा तिनं गळ्यातली एक निळी काचेची माळ तोडली, त्यातला मोठा मणी डुलाच्या रिकाम्या जागी ओवला आणि गाठ मारली.

घरी पोचले तेव्हा मांडवात हळदीची गडबड. बा मांडवाच्या मेढीशी पाहुण्यांत उभा. कुठं गेलतीस, त्यानं विचारलं, रागानं नाही, काळजीनं. मी सगळ्यांदेखत बोलले. हळू बोलायला पाहिजे होतं का? असेल. मी तेरा वर्षांची होते आणि पाय जळत होते.

"मामाला बोलवायला गेलते. तुझ्या पेटीमागं त्याची पत्रिका पडलीवती."

काकानं त्याच्याकडं बघितलं. काकी ताटं मांडता मांडता थांबली, आणि खरं सांगते, तिच्या तोंडावर आश्चर्य होतं, तिलाही हे ठाऊक नव्हतं. बाचा चेहरा मला नीट आठवत नाही. त्याची पाठ आठवते, गोठ्याकडं जाताना.

लग्नाच्या सकाळी आय चुलीपाशी एकटी होती तेव्हा मी डूल तिच्या हातात ठेवले. ती मामाचं कळल्यापासून कुणाशी बोलली नव्हती. तिनं ते तळहातावर झेलून बघितले, दोनदा. "एवढं मोठं," ती म्हणाली, "आणि वजन कुठाय गो?" मी दोरा तिच्या कानांवरून फिरवून बांधला. त्या दोन फाकांच्या पाळ्या मण्यांच्या मागं झाकल्या. आयनं मान हलवून पाहिली. मण्यांचा कागदी खुळखुळ आवाज होतो, सोन्यासारखा किणकिण नाही, वाळलेल्या शेंगा हलवल्यासारखा. तो आवाज करत ती दिवसभर पंगतीत फिरली असती तरी मला पुरे होतं. पाटाचा विचार मी सोडून दिला होता, पाय इतके सुजले होते.

मामा आला मंगलाष्टकं उरकायच्या बेताला. घामानं निथळत, पंधरा माणसं घेऊन, आणि मांडवाच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा राहिला. बोलला एक शब्द नाही. बोलायचीही गरज नव्हती, सगळे त्याच्याकडंच बघत होते. पाटावर काका-काकी बसलेली, काकीच्या कानात ते झुबे, तिच्याही पाळ्या ताणून पातळ झालेल्या. भटजी पाणी सोडायला सांगणार एवढ्यात आतून तो खुळखुळ आवाज आला. आय हात पुसत पाटासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, जाऊबाय, उठा.

काकी म्हणाली, "काय गो धाकटे, कागूद घालून कन्यादान करतेस?"

"कागूद तर कागूद," आय म्हणाली. "कान माझं, पोर माझी. उठा."

बाहेर बांधलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. काकानं माझ्या बाकडं बघितलं. बानं बोलायची ती वेळ होती. एक वाक्य. वहिनी, उठा, एवढं बास होतं. तो धोतराचा सोगा चाचपत जमिनीकडं बघत राहिला. शेवटी काकाच उठला, बायकोला उठवलं आणि बाला म्हणाला, बस रे. मग बा बसला. दादानं सांगितलं म्हणून. स्वतःच्या मुलीच्या कन्यादानालाही तो दादाच्या हुकमानं बसला. लोकांना वाटलं, किती छान झालं, सगळ्यांचं मन राहिलं. हीच तुझी गोड आठवण, सायले. आयच्या कानातले डूल होमाच्या धगीत वारनिसाचा वास सोडत होते आणि माझी ताई रडत होती, ते सगळ्याच नवऱ्या रडतात तसं.

आता जे तुझ्या आजीला कुणी सांगितलं नाही, कारण ती सासरी गेली होती, ते ऐक. जूनमध्ये शाळा उघडली. मी दप्तर काढून झटकलं. बा ओटीवर बसून चहा पीत होता. त्यानं माझ्याकडं न बघता आयला सांगितलं, "लई वाचता येतं तिला. बास झालं आता."

एवढंच. आवाज चढवला नाही. माझी शाळा संपली. सातवी झाली होती, आठवीची पुस्तकं शेजारच्या मुलीकडून अर्ध्या किमतीला ठरवून ठेवलेली. मी आयकडं बघितलं. जिनं भर मांडवात जावेला पाटावरून उठवलं ती आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मी दप्तर धरून दारात उभी राहिले. तिनं चुलीत फुंकर घातली. धूर आला, त्यात तिचं तोंड दिसेनासं झालं. मग मी दप्तर खुंटीला लावलं आणि लावणीच्या चिखलात गेले. पुढं जे वाचलं ते पुड्यांचे कागद, खतवाल्याची पत्रकं, लोकांची पत्रं, असं वाचलं. हे जे लिहितेय त्यात चुका दिसतील तुला. त्या माझ्या नाहीत. त्या त्या जूनच्या आहेत.

बा पुढं वीस-बावीस वर्षं जगला. शेंगा आणत राहिला, माझ्या पोरांसाठीही. त्यानं तो विषय काढला नाही, मी काढला नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. वाईट माणसावर धरलेला राग लवकर शिळा होतो गो, चांगल्या माणसाचा राहतो. आणि आयवर? आयवर मी जास्त रागावले होते, हे मी कुणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळ पहिल्यांदा. तिच्यासाठी मी तीन कोस चालले आणि माझ्यासाठी तिला चुलीपासून दारापर्यंत येववलं नाही. ती थकली तेव्हा माझ्याकडंच होती, शेवटची चार वर्षं. एकदा तिचे केस विंचरताना, त्या फाटक्या पाळ्या समोर होत्या, मी विचारलं. का नाय बोललीस तेव्हा? मला वाटलं, विसरली असेल. तिनं फाटकी पाळी चाचपली. मग म्हणाली, "एकाच दिवसाचं बळ होतं गो माझ्यात, शेवू. ते ताईला लागलं."

मी फणी तशीच धरून बसले. यावर काय रागवायचं? आणि नाही रागवायचं तर एवढ्या वर्षांच्या रागाचं काय करायचं? तुझ्या त्या दुकानात ह्याला काय म्हणतात ते लिही. तुझे डूल चांगले झालेत, मी नाही म्हणत नाही. रंग धीट आहेत, मणी घट्ट वळलेत, हात आपल्या घरातला आहे ते दिसतं. विक, खूप विक. पण ते गोड आठवण वगैरे आधी काढून टाक. लिही, की फाटक्या कानाच्या एका बाईनं हे घालून आपल्या पोरीचं कन्यादान केलं आणि तिच्या धाकट्या पोरीची त्यापायी शाळा गेली. घेणारीनं एवढं कळून घालावं. नाही आवडलं तर नको घालू दे.

आणि आता तू ये. कल्याणहून कसारा गाडी धर, आटगावला उतर, तिथून रिक्षावाला म्हातारीचं घर विचारल्यावर सोडतो. पाटीभर तांदूळ कुटून ठेवलेत, वालाचं बिरडं करीन. माझ्या बाची बाजू मला अजून सांगायची आहे. असेल त्याला एक बाजू, मी तीनदा लिहायला घेतली आणि तीनदा पान फाडलं. कागदावर ती येत नाही माझ्या हातून. समोर माणूस बसलं तर तोंडातून येईल, असं वाटतं. उशीर करू नकोस गो. लवकर ये.